रिकामी झालेली जागा : बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर

#थ्रेड #इतिहास

१/ १६ डिसेंबर १९४६, नवी दिल्ली. घटना समितीचे कामकाज सुरू होऊन जेमतेम आठवडा लोटला होता. तीन दिवसांपूर्वी जवाहरलाल नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला होता आणि सभागृह त्या क्षणाच्या भव्यतेने भारावलेले होते. अशा वेळी मुंबईहून निवडून आलेले त्र्याहत्तर वर्षांचे एक सदस्य उभे राहिले आणि त्यांनी दुरुस्ती सुचवली. ठरावाचा आशय त्यांना मान्य होता. त्यांचे म्हणणे एवढेच होते की तो आज संमत करू नये, काही काळ थांबावे.

२/ थांबायचे कोणासाठी? सभागृहातील रिकाम्या खुर्च्यांसाठी. मुस्लिम लीगने बहिष्कार घातला होता आणि संस्थानांचे प्रतिनिधी अद्याप यायचे होते. सभागृहाला ही सूचना रुचली नाही. भाषणात अडथळे आले, नाराजी उमटली. ज्या ठरावाची देश वर्षानुवर्षे वाट पाहत होता, तो पुढे ढकला असे सांगणारा हा माणूस कोण?

३/ त्यांचे नाव मुकुंद रामराव जयकर. वकील, विधिमंडळातील विरोधी नेते, तुरुंग आणि व्हाइसरॉय यांच्यातील मध्यस्थ, फेडरल कोर्टाचे न्यायाधीश, प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीचे सदस्य, विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. एवढ्या भूमिका एकाच आयुष्यात आल्या; तरीही शालेय पुस्तकात त्यांना क्वचितच एखादे वाक्य मिळते. ते का, याचा हा मागोवा.

४/ जन्म १३ नोव्हेंबर १८७३, मुंबईतील पाठारे प्रभू कुटुंबात. १९०२ मध्ये मुंबईत एलएल.बी., १९०५ मध्ये लंडनहून बॅरिस्टर आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात वकिलीस प्रारंभ. बॅरिस्टरी ही त्या काळच्या राजकारणाची पहिली पायरीच होती. जिना, गांधी, चित्तरंजन दास हे सारे त्याच पायरीवरून वर आले होते.

५/ राष्ट्रीय राजकारणात जयकरांचे नाव ठळकपणे येते ते जालियनवाला बागेच्या संदर्भात. सरकारने नेमलेल्या हंटर समितीवर विश्वास न ठेवता काँग्रेसने स्वतःची चौकशी समिती नेमली. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालावर चार स्वाक्षऱ्या आहेत : गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि जयकर.

६/ या समितीने सतराशेहून अधिक साक्षीदारांची निवेदने तपासली आणि त्यांतील सुमारे ६५० प्रसिद्ध केली. ऐकीव गोष्ट गाळायची, जी सिद्ध करता येईल तीच लिहायची, ही या कामाची शिस्त होती. संताप खरा होता. पण अहवाल पुराव्यावर उभा राहिला. वकिलाचे शिक्षण राजकारणाच्या उपयोगी कसे पडते, याचे हे उत्तम उदाहरण.

७/ यानंतर असहकाराचे वादळ आले. न्यायालये, शाळा, विधिमंडळे यांवर संपूर्ण बहिष्कार जयकरांना पटत नव्हता. जानेवारी १९२२ मध्ये काँग्रेस आणि सरकार यांच्यात तडजोड घडवण्यासाठी मुंबईत सर्वपक्षीय परिषद भरली. तिच्या चिटणीसांमध्ये दोन बॅरिस्टर होते : जयकर आणि महंमद अली जिना. ही जोडी लक्षात ठेवावी. पुढे तिचे रूप बदलणार आहे.

८/ १९२३ मध्ये दास आणि मोतीलाल नेहरू यांनी स्वराज्य पक्ष काढला. कौन्सिलात शिरायचे, पण सहकार्य करण्यासाठी नव्हे, अडवणुकीसाठी, हे त्याचे धोरण. मुंबई विधिमंडळात जयकर या पक्षाचे नेते झाले. दोन वर्षांत त्यांना जाणवले की निव्वळ अडवणूक हेही एक प्रकारचे निष्क्रिय राजकारणच आहे.

९/ येथे टिळकांचा धागा येतो. १९१९ च्या अमृतसर काँग्रेसमध्ये टिळकांनी ‘प्रतियोगी सहकारिता’ ही भूमिका मांडली होती. सरकार जेवढे देईल तेवढे घ्यावे, राबवावे आणि उरलेल्यासाठी झगडावे. टिळक १९२० मध्ये गेले. परंतु नरसिंह चिंतामण केळकर, डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे आणि जयकर यांनी ती भूमिका उचलून धरली. मोतीलालांशी संघर्ष झाला आणि १९२६ च्या प्रारंभी प्रतियोगी सहकारवाद्यांचा वेगळा पक्ष उभा राहिला.

१०/ त्याच वर्षी जयकर दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात निवडून गेले. तेथील त्यांचे एक काम आजही स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पहिल्याच काही पानांवर भेटते : १९२७ ची ‘जयकर समिती’. देशातील रस्त्यांचा विचार करण्यासाठी नेमलेल्या या समितीचे ते अध्यक्ष होते.

११/ समितीने १९२८ मध्ये अहवाल दिला. मोटारी वाढत आहेत, लांब पल्ल्याचे रस्ते प्रांतांना एकट्याने झेपणारे नाहीत, म्हणून केंद्राने भार उचलावा आणि त्यासाठी पेट्रोलवर जादा कर घेऊन स्वतंत्र निधी उभारावा, हा तिच्या शिफारशींचा गाभा. गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. १९३४ मध्ये स्थापन झालेली इंडियन रोड्स काँग्रेस हेही याच विचाराचे फळ.

१२/ पेट्रोलवरील कर हा विषय येथे संपत नाही. दहा वर्षांनी तोच विषय जयकरांपुढे पुन्हा येणार होता, मात्र निराळ्या आसनावर. त्यापूर्वी त्यांच्या राजकीय जीवनातील सर्वांत वादग्रस्त प्रसंगाकडे पाहणे आवश्यक आहे.

१३/ डिसेंबर १९२८, कलकत्ता. नेहरू अहवालावर विचार करण्यासाठी सर्वपक्षीय अधिवेशन भरले होते. जिनांनी काही दुरुस्त्या मांडल्या. केंद्रीय विधिमंडळात मुसलमानांना एक-तृतीयांश जागा आणि शेषाधिकार प्रांतांकडे, या त्यांतील प्रमुख. सर तेजबहादूर सप्रू यांचा सल्ला होता की हे देऊन टाकावे आणि तडजोड करावी.

१४/ जयकर हिंदू महासभेच्या बाजूने बोलले आणि त्यांनी ठाम विरोध केला. जिना हे मुस्लिम समाजाच्या एका लहान गटाचेच प्रतिनिधित्व करतात, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या. त्या दिवशी दुसरे काही घडले असते तर फाळणी टळली असती काय, हा प्रश्न इतिहासकार आजही विचारतात. त्याचे निश्चित उत्तर कोणालाच देता येणार नाही. मात्र दार बंद करणाऱ्यांच्या बाजूला त्या दिवशी जयकर उभे होते, ही नोंद पुसता येत नाही.

१५/ मध्यस्थ म्हणून ज्यांचे नाव झाले, त्यांची कारकीर्द अशा नकारातूनही गेलेली आहे. म्हणूनच १९४६ मधील ‘थांबा’ या शब्दाला वजन येते. ज्यांच्यासाठी १९२८ मध्ये थांबायची तयारी नव्हती, त्याच जिनांच्या पक्षासाठी अठरा वर्षांनी जयकर सभागृहाला थांबायला सांगत होते. मधल्या काळात काय घडले?

१६/ पहिली गोष्ट, येरवडा. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहानंतर गांधी येरवड्यात आणि नेहरू पितापुत्र अलाहाबादजवळ नैनीच्या तुरुंगात होते. व्हाइसरॉय आयर्विन यांच्या संमतीने सप्रू आणि जयकर दोन्ही तुरुंगांच्या खेपा घालू लागले. कलकत्त्यात विरुद्ध बाजूंना असलेले हे दोघे आता एकाच कामात होते. ऑगस्टमध्ये नेहरू पितापुत्रांना येरवड्यात आणून एकत्र बैठका झाल्या. तडजोड झाली नाही.

१७/ पण हा अपयशी प्रयत्न वाया गेला नाही. पहिल्या गोलमेज परिषदेहून परतल्यावर सप्रू, जयकर आणि श्रीनिवास शास्त्री यांनी गांधींची पुन्हा भेट घेतली आणि व्हाइसरॉयशी बोलण्यासाठी आग्रह धरला. १७ फेब्रुवारी १९३१ ला बोलणी सुरू झाली आणि ५ मार्चला गांधी-आयर्विन करार झाला. करारावर मध्यस्थांची स्वाक्षरी नसते. त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकातही बहुधा नसते.

१८/ पुढच्या वर्षी पुन्हा येरवडा. जातीय निवाड्यातील दलितांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध गांधींनी उपोषण आरंभले. एका बाजूला गांधींचे प्राण, दुसऱ्या बाजूला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या खांद्यावर त्यांच्या समाजाचे भवितव्य. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांत सप्रू आणि जयकर दोघेही आहेत. आंबेडकर आणि जयकर यांची नावे एका कागदावर येण्याची ही शेवटची वेळ नव्हती.

१९/ दुसरी गोष्ट, न्यायासन. १९३५ च्या कायद्याने भारतात फेडरल कोर्ट निर्माण केले. केंद्र आणि प्रांत यांच्या अधिकारांचे तंटे सोडवणारे हे पहिले न्यायालय. आजच्या सर्वोच्च न्यायालयाचे पूर्वरूप. १ ऑक्टोबर १९३७ रोजी ते सुरू झाले. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर. सोबत दोन न्यायाधीश, सर शाह मुहंमद सुलेमान आणि जयकर.

२०/ सुलेमान अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. जयकर मात्र वकिली आणि राजकारण यांतून थेट देशाच्या वरिष्ठ न्यायासनावर आले. कायद्याने ते शक्य होते, कारण दहा वर्षांहून अधिक काळ वकिली केलेल्या बॅरिस्टरची नेमणूक करता येत असे. परंतु ज्याने पक्ष चालवले, निवडणुका लढवल्या, करार घडवले, तो निष्पक्ष न्यायाधीश होऊ शकतो काय? प्रश्न रास्त होता आणि आजही आहे.

२१/ उत्तर लवकरच मिळाले, आणि तेही पेट्रोलच्या निमित्ताने. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने १९३८ मध्ये पेट्रोल आणि वंगणाच्या किरकोळ विक्रीवर पाच टक्के कर बसवला. केंद्राने हरकत घेतली. पेट्रोलवरील उत्पादन शुल्क हा आमचा विषय आहे; प्रांत वेगळ्या नावाने तोच कर घेत आहे, असे केंद्राचे म्हणणे. गव्हर्नर जनरलनी हा प्रश्न सल्ल्यासाठी फेडरल कोर्टाकडे पाठवला. न्यायालयापुढे आलेला हा पहिला मोठा घटनात्मक प्रश्न.

२२/ पेच असा होता. केंद्राच्या सूचीत ‘उत्पादन शुल्क’, प्रांताच्या सूचीत ‘वस्तूंच्या विक्रीवरील कर’. पहिल्या नोंदीचा अर्थ फार ताणला, तर दुसरी निरर्थक ठरते. मग प्रांतांना दिलेला अधिकार कागदावरच उरतो. तिन्ही न्यायाधीशांनी स्वतंत्र मते लिहिली. निष्कर्ष मात्र एकच निघाला. दोन्ही नोंदी एकत्र वाचल्या पाहिजेत आणि प्रांताचा विक्रीकर वैध आहे.

२३/ आता जयकरांच्या जागी उभे राहून पाहा. पेट्रोलच्या करातून केंद्राचा रस्ते निधी उभारावा, ही शिफारस त्यांच्याच समितीची. न्यायासनावर बसल्यावर मात्र त्यांनी प्रांताचा हक्क मान्य केला. धोरण ठरवताना ‘काय हवे’ हा प्रश्न असतो. निवाडा देताना ‘कायदा काय म्हणतो’ हा असतो. एकाच माणसाने एकाच वस्तूच्या कराबाबत दोन प्रश्नांना दोन वेगळी उत्तरे दिली आणि दोन्ही आपापल्या जागी योग्य होती.

२४/ हा निवाडा केवळ संग्रहालयातील वस्तू नाही. आज कल्याण-शिळ रस्त्यावरच्या पंपावर पेट्रोल भरणारा दुचाकीस्वार लिटरमागे केंद्राचे उत्पादन शुल्कही भरतो आणि राज्याचा मूल्यवर्धित करही. २०१६ च्या १०१व्या घटनादुरुस्तीनंतर जीएसटी आला, तरी पेट्रोलच्या विक्रीवर कर घेण्याचा राज्यांचा अधिकार सातव्या परिशिष्टात शिल्लक आहे. दोन करांच्या या शेजाराला न्यायालयीन मान्यता प्रथम मिळाली ती १९३८ च्या त्या प्रकरणात.

२५/ १९३९ च्या प्रारंभी जयकर फेडरल कोर्ट सोडून लंडनला प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर गेले. साम्राज्यातील अपिलांचा तो शेवटचा उंबरठा. सय्यद अमीर अली, दिनशा मुल्ला, शादीलाल अशा मोजक्याच भारतीयांना तेथे स्थान मिळाले होते. महायुद्धाच्या काळातच ते पद सोडून जयकर मायदेशी परतले आणि सप्रूंच्या साथीने पुन्हा तडजोडीच्या कामाला लागले. १९४५ च्या सप्रू समितीच्या अहवालात त्यांचा सहभाग आहे. त्या अहवालाने फाळणी नाकारली आणि विभक्त मतदारसंघही नाकारले.

२६/ आता पुन्हा १९४६ कडे येऊ. न्यायालयाचा जुना दंडक आहे : दुसऱ्या पक्षाला ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये. प्रतिपक्ष गैरहजर असताना दिलेला निकाल ‘एकतर्फी’ म्हणवतो. तो देता येतो, पण त्याचे बळ कमी असते. जयकरांच्या दुरुस्तीचा गाभा हाच होता. त्यांनी कॅबिनेट मिशनच्या योजनेचा कायदेशीर आधारही दिला. परंतु कायद्याच्या कलमांमुळे सभागृह अधिकच चिडले.

२७/ दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबरला, अध्यक्ष राजेंद्र प्रसाद यांनी अनपेक्षितपणे आंबेडकरांना बोलावले. आंबेडकरांनी जयकरांचा मूळ मुद्दा उचलला, पण कलमे बाजूला ठेवली. ठराव संमत करण्याचा अधिकार आहे की नाही हा प्रश्न दूर ठेवून, तसे करणे शहाणपणाचे आहे काय, एवढेच त्यांनी विचारले. आदल्या दिवशी जे ऐकून सभागृह अस्वस्थ झाले होते, तेच त्या दिवशी त्याने लक्षपूर्वक ऐकले. वकील आणि मुत्सद्दी यांच्या भाषेतील अंतर समजून घ्यायचे असेल, तर ही दोन भाषणे पाठोपाठ वाचावीत.

२८/ ठरावावरील चर्चा जानेवारीवर गेली. लीग तरीही आली नाही. २२ जानेवारी १९४७ रोजी ठराव संमत झाला. म्हणजे सभागृह थांबले, आणि ज्यांच्यासाठी थांबले ते आलेच नाहीत. यावरून जयकर चुकले असे म्हणता येईल काय? लीगविषयीचा त्यांचा अंदाज फसला. परंतु दार आपल्या बाजूने बंद झाले नाही, एवढे घटना समितीला त्यानंतर ताठ मानेने सांगता आले.

२९/ १९४७ मध्ये जयकरांनी घटना समितीचा राजीनामा दिला. त्याच सुमारास बंगालची फाळणी ठरली आणि तेथून निवडून आलेल्या आंबेडकरांची जागा संपुष्टात आली. ३० जून १९४७ रोजी राजेंद्र प्रसाद यांनी मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना पत्र लिहिले : आंबेडकरांची घटना समितीला गरज आहे, त्यांना मुंबईतून निवडून आणावे. रिकामी जागा होती ती जयकरांची.

३०/ जुलैमध्ये आंबेडकर निवडून आले. २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. जयकरांनी आंबेडकरांसाठी जागा सोडली, असा अर्थ काढण्याचा मोह येथे होतो. तो टाळावा. पत्र रिकाम्या जागेविषयी आहे, त्यागाविषयी नाही. पण पुणे करारावर ज्यांची नावे एकत्र आली, त्यांतील एकाच्या जागेवरून दुसऱ्याने संविधानाचे काम पुढे नेले, हे सत्य पुरेसे बोलके आहे.

३१/ जयकरांचे पुढचे काम शिक्षणाचे. १९४८ मध्ये ते पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. ब्रिटिश गव्हर्नरांचे गणेशखिंडीतील निवासस्थान विद्यापीठाची मुख्य इमारत बनले. ज्या वास्तूतून प्रांतावर हुकूम सुटत, तेथे विद्यार्थ्यांचे अर्ज येऊ लागले. १९५६ पर्यंत, म्हणजे वयाच्या ब्याऐंशी-त्र्याऐंशीव्या वर्षापर्यंत, त्यांनी ही धुरा वाहिली.

३२/ अखेरच्या वर्षांत त्यांनी दोन खंडांत इंग्रजी आत्मचरित्र लिहिले. १० मार्च १९५९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

३३/ अशा कारकिर्दीचे मोजमाप कसे करावे? चळवळीच्या नेत्याला तारखा मिळतात, पुतळे मिळतात. मध्यस्थाच्या वाट्याला दोन्ही बाजूंचा संशय येतो : सरकारला तो चळवळीचा वाटतो, चळवळीला सरकारचा. जयकरांच्या बाबतीत टीकेलाही आधार आहे. १९२८ चा नकार त्यांच्या खात्यावर आहे आणि तो तेथेच राहिला पाहिजे.

३४/ परंतु त्यांच्या आयुष्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. न्यायासनावर जाणाऱ्या माणसाला राजकीय भूतकाळ असणे हा दोष नव्हे. तो भूतकाळ निवाड्यात डोकावला तर दोष. आणि न्यायासनावरून राजकारणात परतणाऱ्याने एक सवय सोबत आणली, तर ती मोलाची ठरते : खोलीत नसलेल्या माणसाचे म्हणणे विचारात घेणे. बहुमत हाती असताना ही सवय पाळणे सर्वांत अवघड असते.

३५/ पुण्याच्या विद्यापीठातील विद्यार्थी आजही ‘जयकरला जातो’ असे म्हणतात, तेव्हा त्यांना ग्रंथालय अभिप्रेत असते. तेथे संविधानाचा अभ्यास करणाऱ्यांनी डिसेंबर १९४६ च्या चर्चेचा खंड एकदा काढून पाहावा. १७ तारखेचे भाषण बहुतेकांनी वाचलेले असते. आदल्या दिवसाचेही वाचावे, मधल्या व्यत्ययांसकट.

(समाप्त)